स्कॉट स्टीव्हन्स : आइस हॉकीतील एका कणखर बचावपटूची कारकीर्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान येते, बर्फ येत नाही. तरीही न्यू जर्सीतील एडिसन, आयसेलिन यांसारख्या गावांत वसलेल्या मराठी घरांमधली मुले नेवार्कला डेव्हिल्स संघाचे सामने पाहायला जाऊ लागली आहेत आणि छताला टांगलेला ४ क्रमांकाचा भलामोठा अंगरखा कोणाचा, असे घरी विचारू लागली आहेत. तो अंगरखा स्कॉट स्टीव्हन्सचा आहे. त्याच्याविषयी नेहमी निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

स्कॉट स्टीव्हन्स कोण?

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील किचनर या शहरात १ एप्रिल १९६४ रोजी जन्मलेला स्टीव्हन्स नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, १९८२ पासून २००४ पर्यंत बावीस हंगाम खेळला. त्यांतले पहिले आठ हंगाम वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून, एक सेंट लुइस ब्लूजकडून आणि उरलेले तेरा न्यू जर्सी डेव्हिल्सकडून. डेव्हिल्सने १९९५, २००० आणि २००३ अशा तीन वेळा स्टॅन्ले चषक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला आणि तिन्ही वेळा संघाचा कर्णधार तोच होता. नियमित हंगामांतील १,६३५ सामन्यांत त्याने १९६ गोल केले आणि ७१२ गोलांना साहाय्य केले. याच सामन्यांत त्याच्या नावावर शिक्षेची २,७८५ मिनिटे जमा झाली. एक सामना साठ मिनिटांचा धरला, तर हा गडी सेहेचाळीस सामन्यांइतका वेळ शिक्षेच्या कठड्यात बसून होता.

आइस हॉकीत बचावपटूचे काम नेमके काय असते?

एनएचएलची रिंक सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग होतात. खेळाचा वेग इतका असतो की खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून बाहेर येतो आणि त्याच्या जागी दुसरा उतरतो. बचावपटूने आपल्या गोलसमोरची जागा मोकळी ठेवायची, कोपऱ्यात गेलेला पक (गोठवलेल्या कडक रबराची चकती) झटापट करून मिळवायचा आणि तो आपल्या आघाडीपटूंकडे नीट पोहोचवायचा.

स्टीव्हन्सची कारकीर्द समजून घ्यायची तर रिंकवरील निळ्या रेषेकडे लक्ष द्यावे लागते. पक या रेषेच्या आत जाण्यापूर्वी आक्रमक संघाचा खेळाडू आत शिरला, तर तो ऑफसाइड ठरतो. त्यामुळे पक घेऊन येणाऱ्याला याच रेषेपाशी एकाच क्षणी अनेक गोष्टी सांभाळाव्या लागतात : साथीदार कोठे आहेत, वाट कोठे मोकळी आहे, पक काठीवर आहे ना. त्या क्षणी त्याची नजर खाली पकाकडे वळली, तर पुढचा अर्धा सेकंद तो आंधळा असतो. स्टीव्हन्सची सारी शिकार त्या अर्ध्या सेकंदातली होती.

दुसऱ्याच्या अंगावर जाऊन धडक देणे नियमात बसते का?

बसते, पण अटी आहेत. पक ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याने तो नुकताच सोडला आहे त्यालाच धडक देता येते आणि तीही खांद्याने, छातीने किंवा कमरेने. कोपर, गुडघा, काठी यांचा वापर, पाठीमागून ढकलणे किंवा उडी मारून आदळणे यांना शिक्षा होते. साध्या अपराधाला दोन मिनिटे, गंभीर अपराधाला पाच मिनिटे. तेवढा वेळ तो खेळाडू बाहेर बसतो आणि सामान्यतः त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. कबड्डीत चढाईपटूचा पाय नेमका कोठे पडणार हे ओळखून कोपरारक्षक दबा धरून बसतो, तसेच चांगल्या धडकेचे असते. तेथे ताकदीइतकीच थांबण्याची कला लागते.

त्याची सुरुवात कशी झाली?

किचनर रेंजर्स या स्थानिक कनिष्ठ संघाने १९८२ मध्ये मेमोरियल चषक जिंकला. कॅनडातील कनिष्ठ हॉकीत हा सर्वोच्च मान समजला जातो. त्या संघात स्टीव्हन्सच्या जोडीला अल मॅकइनिस होता. तोही पुढे मोठा बचावपटू झाला. त्याच वर्षीच्या खेळाडू निवडीत (संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू घेतात ती प्रक्रिया) वॉशिंग्टनने स्टीव्हन्सला पाचव्या क्रमांकावर घेतले आणि अठराव्या वर्षीच तो थेट एनएचएलमध्ये उतरला.

वॉशिंग्टनचा संघ १९७४ पासून स्पर्धेत होता आणि तोवर एकदाही बाद फेरीत पोहोचला नव्हता. १९८२ च्या शरद ऋतूत मॉन्ट्रियलकडून रॉड लँगवे हा बचावपटू आणला गेला, स्टीव्हन्सही आला आणि त्याच हंगामात संघ बाद फेरीत गेला. पुढे स्टीव्हन्स तेथे असेपर्यंत एकही वर्ष चुकले नाही. लँगवेला १९८३ आणि १९८४ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक मिळाला. तो गोल फारसे करत नसे. समोरच्याला करू देत नसे. अशा खेळाडूच्या सहवासात विशीच्या आतला मुलगा तयार झाला, याचा परिणाम लगेच दिसला नाही, कारण तेव्हाचा स्टीव्हन्स भलताच तापट होता. १९८६-८७ च्या एकाच हंगामात त्याने २८३ मिनिटांची शिक्षा ओढवून घेतली. पण आक्रमणातही तो कमी नव्हता. १९८४-८५ मध्ये त्याने २१ गोल केले होते, तर १९८७-८८ मध्ये १२ गोल आणि ६० साहाय्य अशी ७२ गुणांची मजल मारली.

सव्वा वर्षाच्या आत तो दोनदा संघ बदलून न्यू जर्सीला कसा पोहोचला?

हा प्रश्न वारंवार येतो आणि यावा असाच आहे, कारण पुढचा सारा इतिहास या घडामोडींवर उभा आहे.

१९९० च्या उन्हाळ्यात स्टीव्हन्सचा वॉशिंग्टनशी असलेला करार संपला. तो पूर्णपणे मोकळा नव्हता. दुसरा संघ त्याला देकार देऊ शकत होता, परंतु त्याला नेल्यास जुन्या संघाला भरपाई द्यावी लागणार होती. सेंट लुइसने चार वर्षांसाठी ५१ लाख डॉलरहून अधिक रकमेचा देकार दिला. त्या काळी बचावपटूला असे पैसे मिळत नसत. वॉशिंग्टनने तेवढी रक्कम मोजण्याचे नाकारले आणि भरपाई म्हणून सेंट लुइसच्या पहिल्या फेरीतील निवडीचे पाच वर्षांचे हक्क पदरात पाडून घेतले. त्यांतूनच सर्गेई गोंचारसारखा खेळाडू त्यांना पुढे मिळाला, म्हणजे सौदा वाटतो तितका आतबट्ट्याचा नव्हता. सेंट लुइसने स्टीव्हन्सला येताच कर्णधार केले.

एक वर्ष सरले. १९९१ मध्ये सेंट लुइसने तोच डाव न्यू जर्सीवर टाकला आणि त्यांचा तरुण आघाडीपटू ब्रेंडन शॅनहन याला करारबद्ध केले. पुन्हा भरपाईचा प्रश्न आला. मात्र सेंट लुइसचे पहिल्या फेरीचे हक्क स्टीव्हन्सपायी आधीच वॉशिंग्टनकडे गेले होते. दोन्ही संघांचे एकमत झाले नाही, तर लवादाने दोघांपैकी एकाचा प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारायचा, असा नियम होता. सेंट लुइसने गोलरक्षक कर्टिस जोसेफ, आघाडीपटू रॉड ब्रिंडामोर आणि निवडीचे काही हक्क देऊ केले. न्यू जर्सीचे महाव्यवस्थापक लू लॅमोरिएलो यांनी एकच नाव मागितले : स्टीव्हन्स. लवाद एडवर्ड ह्यूस्टन यांनी ३ सप्टेंबर १९९१ रोजी न्यू जर्सीच्या बाजूने निकाल दिला.

ज्या खेळाडूसाठी पाच वर्षांचे हक्क मोजले, तो एका हंगामात हातचा गेला. स्टीव्हन्सही नाराज होता. सेंट लुइसमध्ये त्याने नुकतेच बस्तान बसवले होते आणि न्यू जर्सीच्या सराव शिबिरात तो सुरुवातीला गेलाच नाही. हजर झाल्यानंतर मात्र तेथेच राहिला. १९९२ मध्ये कर्णधार झाला. १९९४ मध्ये सेंट लुइसने पुन्हा देकार दिला, तेव्हा न्यू जर्सीने तेवढीच रक्कम मोजून त्याला राखले. या दुसऱ्या प्रयत्नात सेंट लुइसने ठरलेल्या मुदतीआधीच बोलणी केल्याचे नंतर सिद्ध झाले आणि १९९९ मध्ये त्यांना दंड आणि निवडीचे हक्क अशी किंमत चुकवावी लागली. एका बचावपटूपायी एवढे नुकसान सोसलेला दुसरा संघ चटकन आठवत नाही.

१९९३-९४ मध्ये ७८ गुण मिळवणारा खेळाडू पुढे इतका कमी गुण का मिळवू लागला?

कारण संघाने त्याच्याकडून वेगळे काम मागितले आणि त्याने ते मान्य केले. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी गोष्ट ती आहे. धडका त्यानंतर येतात.

१९९३ मध्ये जॅक लमेअर डेव्हिल्सचे प्रशिक्षक झाले. त्या पहिल्या हंगामात स्टीव्हन्सने १८ गोल आणि ६० साहाय्य अशी कामगिरी केली आणि बचावपटू असूनही संघात सर्वाधिक गुण मिळवले. अधिक-उणे या हिशेबात तो +५३ होता आणि साऱ्या लीगमध्ये अव्वल ठरला. (खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, प्रतिस्पर्ध्याने केला तर उणे एक, एक गडी जास्त असताना केलेले गोल यात धरत नाहीत.) बावीस हंगामांत त्याचा हा आकडा एकदाही शून्याच्या खाली गेला नाही.

लमेअर यांनी रुजवलेली पद्धत ‘ट्रॅप’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात प्रतिस्पर्ध्याच्या पकाचा पाठलाग त्याच्या गोलपर्यंत करायचा नाही. आपले आघाडीपटू रिंकच्या मधल्या पट्ट्यात पसरून उभे राहतात, पक घेऊन येणाऱ्याला कडेच्या कठड्याकडे रेटतात आणि त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : पक लांब फेकून देणे, किंवा गर्दीतून आत वळणे. त्या काळी स्वतःच्या निळ्या रेषेच्या आतून मधल्या लाल रेषेपलीकडे थेट पास देण्याची मुभा नव्हती. ती २००५-०६ पासून मिळाली. त्यामुळे जाळे वरून ओलांडून जाण्याचा मार्गही बंद होता. आत वळणाऱ्याच्या वाटेत निळ्या रेषेपाशी स्टीव्हन्स असे.

या पद्धतीत बचावपटूने पुढे धावत जाऊन गोल करणे परवडत नाही. स्टीव्हन्सचे गुण घसरत गेले, पण १९९५ मध्ये अंतिम फेरीत बलाढ्य डेट्रॉइटला डेव्हिल्सने चार-शून्य असे हरवले. अनेक रसिकांना हा खेळ रटाळ वाटला आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पाहायला येणाऱ्याला गोल हवे असतात. तथापि ट्रॅपला रटाळ म्हणायचे आणि त्याच ट्रॅपमधून निघालेल्या धडकांच्या चित्रफिती मात्र पुन्हा पुन्हा पाहायच्या, हा विसंगत शौक आहे.

त्याची धडक इतरांहून वेगळी का मानली जाते?

स्टीव्हन्सची उंची सुमारे १८८ सेंटिमीटर आणि वजन ९७ किलोच्या आसपास होते. एनएचएलमध्ये याहून आडदांड बचावपटू पुष्कळ झाले. वेगळेपण होते ते अंतर राखण्यात. तो उलटे स्केटिंग करत मागे सरकत असे आणि येणाऱ्या आघाडीपटूच्या व आपल्या मध्ये असे अंतर ठेवत असे की समोरच्याला वाट मोकळी भासावी. आघाडीपटू कडेकडून मध्याकडे वळला आणि त्याची नजर पकावर गेली की स्टीव्हन्स मागे सरकणे थांबवून एकदम पुढे येई. गुडघे वाकलेले, कोपर अंगाशी घट्ट आणि खांदा पुढे. समोरच्याचा स्वतःचा वेगच त्या आघातात मिसळत असे. बहुतेक वेळा स्टीव्हन्स आघातानंतर उभाच दिसतो, कारण तो बाजूने झेपावलेला नसे.

दुसरी गोष्ट अशी की तो वाटेल तेव्हा धडक देत नसे. धडक चुकली तर बचावपटू मागे राहतो आणि गोलरक्षकापुढे मोकळे रान मिळते. मार्टिन ब्रोडरसारखा गोलरक्षक पाठीशी असल्यामुळे जोखीम थोडी हलकी होई, इतकेच. पण परिणाम धडक न देताही होत असे. त्याच्या बाजूने आत वळायचे की नाही, याचा विचार आघाडीपटू आधीच करून येत आणि तो विचार करण्यात गेलेला क्षण डेव्हिल्सच्या पथ्यावर पडे.

एरिक लिंड्रॉसला दिलेल्या धडकेत काय घडले?

२६ मे २००० रोजी फिलाडेल्फियात पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना होता. डेव्हिल्स मालिकेत १-३ असे मागे पडले होते. चौथ्या सामन्यानंतर प्रशिक्षक लॅरी रॉबिन्सन यांनी, एरवी अत्यंत शांत समजल्या जाणाऱ्या माणसाने, ड्रेसिंग रूममध्ये कचऱ्याचा डबा भिरकावून दिला होता. डेव्हिल्सने पुढचे दोन सामने जिंकून बरोबरी साधली. फिलाडेल्फियाचा लिंड्रॉस आधीच्या कन्कशनमुळे (डोक्याला हादरा बसून मेंदूला होणाऱ्या इजेमुळे) मालिकेत बाहेर होता आणि सहाव्या सामन्यात परतला होता.

पहिल्या वीस मिनिटांतच तो पक घेऊन निळ्या रेषेच्या आत शिरला आणि मध्याकडे वळला. मान खाली होती. स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या जबड्यावर आदळला, तो कोसळला आणि डोके बर्फावर आपटले. पंचांनी शिक्षा दिली नाही, कारण तत्कालीन नियमांनुसार अपराध घडलाच नव्हता. खांदा होता, कोपर नव्हते. पक लिंड्रॉसकडे होता. डेव्हिल्सने सामना २-१ असा जिंकला, अंतिम फेरीत डॅलसला सहा सामन्यांत नमवले आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ चषक स्टीव्हन्सला मिळाला.

लिंड्रॉस फिलाडेल्फियाकडून पुन्हा कधीही खेळला नाही. पुढचा संपूर्ण हंगाम त्याने बाहेर काढला. त्यामागे प्रकृती होती, तसेच संघ व्यवस्थापनाशी चाललेला वादही होता. नंतर तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. निवृत्तीनंतर कन्कशनविषयी जागृती करण्याचे काम त्याने नेटाने केले आणि ओंटारियोने या विषयावर केलेल्या कायद्याच्या पाठपुराव्यातही तो होता.

पॉल करिया प्रकरण काय आहे?

२००३ च्या अंतिम फेरीतील सहावा सामना, ठिकाण अनाहाइम. अनाहाइमचा आघाडीपटू करिया याने पास दिला आणि क्षणात स्टीव्हन्स त्याच्यावर आदळला. करिया बर्फावर निश्चल पडला. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने त्याच्या हेल्मेटची काच जवळून टिपली. बराच वेळ ती कोरडी होती आणि मग श्वासाने एकदम धुरकटली. त्याला आत नेण्यात आले. काही मिनिटांत तो परत आला आणि त्याने गोल केला. अनाहाइमने तो सामना ५-२ असा जिंकला. दोन दिवसांनी सातवा सामना डेव्हिल्सने ३-० असा जिंकून चषक नेला.

त्या वेळी करियाचे पुनरागमन शौर्य म्हणून गाजले. आज ते दृश्य पाहताना प्रश्न स्टीव्हन्सपेक्षाही बाकावर बसलेल्यांविषयी पडतो : बेशुद्ध झालेल्या माणसाला काही मिनिटांत पुन्हा खेळायला उतरवले कोणी? क्रिकेटच्या प्रेक्षकांना हा फरक चटकन कळेल. तेथे २०१९ पासून कन्कशनसाठी बदली खेळाडूची सोय आहे आणि डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला रवींद्र जाडेजाच्या जागी युझवेंद्र चहल आला तेव्हा त्यावरही केवढी चर्चा झाली होती. करियाच्या काळी एनएचएलमध्ये डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला परत उतरवण्यापूर्वी सामन्यादरम्यान तपासण्याची अशी सक्ती नव्हती. त्याची कारकीर्द अखेर कन्कशनमुळेच आटोपली आणि २०११ मध्ये तो निवृत्त झाला.

मग स्टीव्हन्स नियमबाह्य किंवा गलिच्छ खेळत होता का?

लिंड्रॉस आणि करिया यांना दिलेल्या दोन्ही धडकांना शिक्षा झाली नाही, ही वस्तुस्थिती आहे. मार्च २०१० मध्ये बोस्टनच्या मार्क सॅव्हर्डला पिट्सबर्गच्या मॅट कुकने बाजूने दिलेल्या धडकेनंतर एनएचएलने नियम क्रमांक ४८ आणला. दृष्टीच्या बाहेरून येऊन डोक्याला लक्ष्य करणारी धडक निषिद्ध झाली आणि २०११ मध्ये तो नियम आणखी व्यापक केला गेला. लिंड्रॉसला बसलेल्या धडकेत पहिला स्पर्श जबड्याला झाला होता. आज तशी धडक दिली तर शिक्षा आणि बंदी ओढवण्याचीच शक्यता अधिक.

स्टीव्हन्सचे समर्थक म्हणतात की मान वर ठेवणे ही पक नेणाऱ्याची जबाबदारी होती आणि लहानपणापासून प्रत्येकाला तेच शिकवले जात होते. हा युक्तिवाद खरा आहे, पण अपुरा आहे. त्याला दोषी ठरवताना २००० सालच्या बर्फावर आजचा नियम लावता येत नाही. त्याच वेळी ‘नियमात होते’ एवढे म्हणून समोरच्याच्या मेंदूला झालेली इजा नाहीशीही होत नाही. नियम बदलले ते अशा धडका पाहूनच. तो गलिच्छ खेळाडू नव्हता, असे माझे मत आहे. ज्या खेळात तो वाढला, त्या खेळाने डोक्याचे मोल उशिरा ओळखले. स्टीव्हन्सला हे ठाऊक नसेल असे मानणे मात्र भोळेपणाचे होईल. लिंड्रॉसपूर्वी १९९५ च्या अंतिम फेरीत डेट्रॉइटचा स्लावा कोझलोव्ह आणि नंतर २००१ मध्ये कॅरोलायनाचे शेन विलिस व रॉन फ्रान्सिस यांची अवस्था त्याने जवळून पाहिली होती.

तो मारामारी करणारा खेळाडू होता का?

सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ. एनएचएलमध्ये हातमोजे टाकून ठोसेबाजी केली तर पाच मिनिटांची शिक्षा होते, सामन्याबाहेर काढतातच असे नाही. त्यामुळे त्या काळी प्रत्येक संघात या कामासाठी एखादा राखीव दांडगा असे. स्टीव्हन्स त्या वर्गातला कधीच नव्हता, कारण तो दर सामन्यात पंचवीस मिनिटांच्या आसपास खेळणारा मुख्य बचावपटू होता आणि त्याचे कठड्यात बसणे संघाला महाग पडे. वय वाढले तशी शिक्षा घटली : २००२-०३ च्या संपूर्ण हंगामात अवघी ४१ मिनिटे.

त्याला नॉरिस चषक का मिळाला नाही?

१९८८ आणि १९९४ अशा दोन्ही वेळी तो मतदानात दुसरा आला आणि दोन्ही वेळी पहिला होता बोस्टनचा रे बोर्क. त्यानंतर स्टीव्हन्सचे गुण घटले आणि मतदारांचा कल गोल करणाऱ्या बचावपटूंकडे राहिला.

त्याची कारकीर्द कशी संपली?

ज्या इजेमुळे इतरांच्या कारकिर्दी थांबल्या, त्याच इजेने त्याचीही थांबली. ७ जानेवारी २००४ रोजी तो शेवटचा सामना खेळला. कन्कशननंतर दीर्घकाळ राहणारी डोकेदुखी, थकवा आणि अस्वस्थता यांमुळे उरलेला हंगाम हुकला. त्याआधी २००३ च्या बाद फेरीत टँपा बेच्या पाव्हेल कुबिनाने मारलेला पक त्याच्या कानाजवळ लागला होता, तरीही तो पुढे खेळत राहिला होता. पण अमुक एका आघातावर बोट ठेवण्यापेक्षा बावीस हंगामांची बेरीज लक्षात घेणे अधिक योग्य ठरेल. धडक देणाऱ्याच्याही डोक्याला हादरा बसतो, ही गोष्ट तोवर कोणी मोजत नव्हते. २००४-०५ चा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे रद्द झाला आणि सप्टेंबर २००५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्याचे कोणते विक्रम आणि सन्मान सांगावेत?

निवृत्त झाला तेव्हा एनएचएलमध्ये सर्वाधिक सामने खेळलेला बचावपटू तोच होता. पुढे ख्रिस चेलिओसने १,६५१ आणि झडेनो चाराने १,६८० सामने खेळून तो आकडा मागे टाकला. स्टीव्हन्सचे बाद फेरीतील २३३ सामने वेगळे. ३ फेब्रुवारी २००६ रोजी डेव्हिल्सने त्याचा ४ क्रमांक कायमचा राखून ठेवला. या संघाने एखाद्या खेळाडूला असा मान देण्याची ती पहिलीच वेळ होती.

२००७ मध्ये तो टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्या वर्षी त्याच्याबरोबर मान मिळालेले तीन खेळाडू म्हणजे किचनरच्या कनिष्ठ संघातला जुना सोबती मॅकइनिस, १९९४ च्या उपान्त्य फेरीत डेव्हिल्सच्या हातून चषकाची संधी हिरावून घेणाऱ्या रेंजर्सचा कर्णधार मार्क मेसिए आणि सहा वर्षांपूर्वी ज्याला त्याने आडवे केले होते तो रॉन फ्रान्सिस. निवड समितीने ही बैठक मुद्दाम जुळवली नसेल, पण जुळवायची म्हटली असती तरी याहून चांगली जुळली नसती.

निवृत्तीनंतर तो काय करत होता?

२०१२ ते २०१४ या काळात तो डेव्हिल्सचा साहाय्यक प्रशिक्षक होता. डिसेंबर २०१४ मध्ये मुख्य प्रशिक्षकाला दूर केल्यावर अ‍ॅडम ओट्ससोबत त्याने उरलेल्या हंगामात संघाची सूत्रे सांभाळली. २०१६-१७ मध्ये तो मिनेसोटा वाइल्डच्या प्रशिक्षक वर्गात होता. दूरचित्रवाणीवर विश्लेषक म्हणूनही तो दिसला आहे.

हा खेळ नव्याने पाहणाऱ्याने त्याचे कोणते सामने पाहावेत?

धडकांच्या संकलित चित्रफिती पाहून त्याचा खेळ कळत नाही. त्यात आधीची दहा सेकंदे कापलेली असतात आणि त्याचे सारे कसब त्या दहा सेकंदांतच असते. १९९५ च्या अंतिम फेरीचा दुसरा सामना पूर्ण पाहावा. कोझलोव्हला बसलेली धडक त्यात आहे. शिवाय त्याच सामन्यात स्कॉट नीडरमायर पक घेऊन रिंकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि गोल करतो. एकाच संघातले दोन बचावपटू किती निरनिराळ्या तऱ्हेने सामना फिरवू शकतात, ते त्यात दिसते. दुसरा पाहावा तो २००३ चा सातवा सामना. पक रिंकच्या पलीकडच्या बाजूला असताना ४ क्रमांकाचा खेळाडू कोठे उभा आहे, त्याची काठी कोणत्या वाटेवर टेकलेली आहे आणि अनाहाइमचे आघाडीपटू त्याच्या बाजूने यायचे टाळून पक कसा लांब फेकून देतात, एवढ्याकडेच लक्ष ठेवावे.